ऐंशीच्या पुढे थांबू नये

ज्या दिवशी माझ्या बायकोला मातीत ठेवलं, त्या दिवशी तिची विजेवरची गाडी वाडीत विहिरीजवळ पूर्ण चार्ज होऊन उभी होती. शंभर टक्के. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यातही ती मला बिछान्यातून सांगून गाडी चार्जिंगला लावून घेत असे. मी प्लग लावत असे, एवढंच. गाडी मला चालवता येत नव्हती. आयुष्यभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, पायी गेलो, पायी आलो. घरात चालवणारी ती होती.

तिची थोरली बहीण जव्हारच्या अलीकडे एका मिशनमध्ये असते. वयाच्या विसाव्या वर्षी तिने व्रत घेतलं, तेव्हापासून घरातलेही तिला सिस्टरच म्हणतात. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेले आहेत, तरी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात आहे. आम्हाला मूलबाळ नाही. बायकोला एवढं एकच सख्खं माणूस होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती गाडीत केळ्यांचा घड आणि भाजी टाकून बहिणीकडे जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

मृत्यूच्या दिवशी सकाळी सिस्टरला फोन केला. दफन दुपारी चारला ठरलं होतं. घरात इतकी माणसं होती की तिला आणायला कुणीतरी गेलंच असेल असं प्रत्येकाला वाटलं. कुणीच गेलं नव्हतं. ती एसटीने निघाली, मनोरला गाडी बदलली, नंतर रिक्षा करून आमच्या गावी, गिरीजला पोहोचली, तेव्हा कबर बुजवून झाली होती आणि खोदणारे दोघे दफनभूमीच्या नळावर फावडी धूत होते. ती ओल्या मातीजवळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून तिने एकच विचारलं, "गाडी कुठे आहे?"

मी सांगितलं, वाडीत आहे. तिने मान हलवली. त्या प्रश्नाला मी वर्षभर काय काय अर्थ लावले ते लिहीत नाही. गाडी असताना मला कुणी आणलं नाही, असाच त्याचा अर्थ मी धरून चाललो. तिचा तसा अधिकार होता.

आमच्या घराण्यात विधुर माणूस शर्टाच्या खिशावर वर्षभर काळी फीत लावतो. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे तिच्या नावाची उपासना, झाली की कबरीपाशी प्रार्थना होते आणि सासरवाडीचं सगळ्यात मोठं माणूस स्वतःच्या हाताने ती फीत काढतं. दुखवटा आपला आपण संपवायचा नसतो. माझी फीत काढायची ती सिस्टरनेच. मी महिना-दीड महिना झाल्यावर ठरवून टाकलं: वर्षाच्या मिस्सेला मी स्वतः जाऊन तिला घेऊन येईन, आणि तेही त्याच गाडीतून. या वेळी ती उशिरा पोहोचणार नाही.

चौसष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. एव्हरशाईन सिटीतल्या रुंद रस्त्यांवर शिकवत असत. बाकीचे शिकणारे माझी नातवंडं शोभतील अशा वयाचे होते. शिकवणारा गृहस्थ सौम्य होता. तो फक्त म्हणायचा की काका, आरसा बघायला असतो, पुस्तकासारखा वाचायला नाही. लायसन्स मिळायला मला दोनदा परीक्षा द्यावी लागली. त्यानंतर मी रोज वाडीपासून चर्चपर्यंत, मग वसईच्या बाजारापर्यंत, मग वसई फाट्यापर्यंत असा वाढवत गेलो.

गाडी साफ करताना सीटखालच्या कप्प्यात तिची वही सापडली. शाळेत मुलं वापरतात तशी, दोनशे पानी. ती गणिताची शिक्षिका होती आणि कुठलीही गोष्ट तिला लिहून काढल्याशिवाय पटत नसे. त्या वहीत तिने आमच्या भागापासून जव्हारपर्यंतच्या प्रत्येक चार्जरची नोंद करून ठेवली होती. काही मी इथे तशाच उतरवतो.

"एव्हरशाईन सिटीतला: आपल्याला जवळ. पण सकाळी नऊच्या आत गेट उघडत नाहीत. वॉचमनशी भांडू नये, त्याच्या हातात काही नसतं."

"महामार्गावरचा पहिला: गन दोन. डावी रुसलेली. उजवी लावावी."

"मनोरच्या आधीचा: चांगला. चहा पाणचट. स्वच्छतागृह बरं. सावलीत बाक आहे. एक रोझरी म्हणायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तेहतीस टक्के. उन्हाळ्यात थोडं कमी."

आणि याच पानाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित: "ऐंशीच्या पुढे थांबू नये."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. ती ऐंशीच्या वेगाबद्दल लिहिते आहे असं वाटून मी ते सोडून दिलं. नुसतं "थांबू नये" कसं, हा विचारही केला नाही. वाचनावर आयुष्य काढलेल्या माणसाने असं वाचावं, याचं नंतर मला हसू आलं.

मिस्सा संध्याकाळी पाच वाजता होती. हिशेब साधा होता. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाडी पूर्ण भरली तर तेवढीच चालते. म्हणजे वाटेत थोडंसं चार्जिंग करावंच लागणार, पण ते परतताना, सिस्टर बरोबर असताना, सावकाश. सकाळी सहाला निघायचं, साडेनऊपर्यंत मिशन, दुपारी दोनपर्यंत घर. फोनवर सिस्टरला तसं कळवलं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, "तिच्याच गाडीने ये. दुसरी आणू नको."

आता इथे आमच्या वाडीची एक पद्धत सांगायला हवी. आमची विहीर दोघा भावांची आहे. दोन दिवस पाण्याची पाळी माझी, दोन दिवस धाकट्याची. माझ्या वाटच्या झाडांनाही पाणी तोच देतो, मी नावाला मालक. त्याची पाळी असली की तो पहाटे अंधारात येतो, पंप सुरू करतो आणि केळीच्या पाटांमधून पाणी फिरवत जातो. चाळीस वर्षांचा नेम आहे. गाडी आली तेव्हा अडचण ही झाली की गाडी उभी करायला जागा फक्त विहिरीजवळ, आणि तिथे येणारी वीजवाहिनी एकच. पंप आणि गाडी एकाच वेळी लावली की फ्यूज जायचा. म्हणून बायकोने वायरमनला बोलावून पंपघरात एक हँडल बसवून घेतलं. हँडल वर केलं की वीज पंपाला, खाली केलं की गाडीला. आणि गाडी लावलेली असली की ती हँडलला एक लाल फडकं बांधायची. फडकं दिसलं की दीर पंपाला हात लावत नसे. दुपारी पाणी द्यायचा. दोघांमध्ये याबद्दल कधी बोलणंही झालं नव्हतं म्हणे. एकदा बांधलं, त्याने ओळखलं, झालं.

ही गोष्ट वहीत नव्हती. हाताला माहीत असलेल्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही. वर्षभर मी गाडी दिवसा लावत आलो, तेव्हा तो प्रश्न कधी आला नव्हता.

आदल्या संध्याकाळी मी हँडल खाली केलं, प्लग लावला, दिवा लागलेला पाहिला आणि शांतपणे झोपलो. पहाटे साडेपाचला कंदील नको म्हणून मोबाईलचा उजेड घेऊन वाडीत आलो तर पंप चालू होता. केळीच्या बुंध्यांमधून पाण्याचा आवाज येत होता. मी गाडीचं दार उघडलं. एकतीस टक्के.

धाकटा भाऊ खांद्यावर फावडं टाकून पाटातून आला. आम्ही घरात आमची बोली बोलतो. इथे साध्या मराठीत लिहितो. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, फडकं नव्हतं," तो म्हणाला. "आज मिस्सा, म्हणून मी रात्री नऊलाच पंप लावला."

"नव्हतंच. मी बांधलं नाही."

"मी चाचपून पण बघितलं. रोज चाचपतो."

त्याची काही चूक नव्हती. ते मी त्याला सांगितलं, पण त्याला ते पटेना. त्याने लगेच पंप बंद केला आणि हँडल खाली ओढलं, जणू त्याने काही भरून येणार होतं. घरच्या प्लगवर दोन तास थांबलो असतो तर फार तर वीस टक्के वाढले असते आणि दोन तास गेले असते. मग त्याने टेम्पो न्यायला सांगितलं. तो रोज त्यातून वसईच्या बाजारात फुलं आणि भाजी नेतो. मी विचारलं, सिस्टरला भाजीच्या क्रेटवर बसवून आणू का? तो म्हणाला, "क्रेटवर बसून तिने अर्धा जव्हार तालुका पालथा घातलाय. तुला काय वाटतं?" दोघेही थोडं हसलो. पण मी गाडीत बसलो होतो आणि पट्टा लावला होता.  त्याने मग केळ्यांचा एक घड मागच्या सीटवर ठेवला.

एकतीस टक्के म्हणजे पासष्ट-सत्तर किलोमीटर. महामार्गावरचा पहिला चार्जर तीस किलोमीटरवर. तिथे घाईने अर्धा तास लावला तर सगळं पुन्हा जाग्यावर येईल असं मी मनाशी मांडलं. विजेच्या गाडीवर लोक बोलतात तेव्हा ती किती लांब जाते यावरच बोलतात. त्या सकाळी मला कळलं की ती किती लांब जाते यापेक्षा रिकामी झाल्यावर किती लवकर उठून चालू लागते, यावर माणसाचा दिवस टिकतो. घरच्या प्लगवर रात्र लागते. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याला रात्र पुरते. फडकं बांधायला विसरलेल्या माणसाला महामार्गावरचा तो जाड वायरीचा खांबच हवा.

पहिल्या चार्जरला पोहोचलो तेव्हा उजेड झाला होता. वहीप्रमाणे उजवी गन, म्हणजे गाडीत खुपसायचा तो जाड प्लग, लावली. पडदा अंधारलेलाच राहिला. रुसलेली डावीही लावून पाहिली. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं की परवापासून बंद आहे, माणूस येतो म्हणाले, आला नाही. गाडीत सतरा टक्के उरले होते. मनोरच्या आधीचा चार्जर अजून अठ्ठावीस किलोमीटर. परत फिरलो तर घरी जेमतेम पोहोचलो असतो, आणि मग सिस्टरने पुन्हा एसटी धरली असती.

मी वही उघडून ते पान पुन्हा वाचलं. चहा पाणचट. सावलीत बाक आहे. मग एसी बंद केला, काचा वर केल्या आणि डाव्या लेनमधून साठच्या वेगाने निघालो. ट्रकवाले हॉर्न देत बाजूने जात होते. सतरा, पंधरा, बारा. आकड्याकडे पाहायचं नाही असं ठरवून मी प्रत्येक वेळी पाहत होतो. घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. पण त्या भीतीत एक सरळपणा होता. वर्षभराच्या दुःखात तो नव्हता. इथे काय करायचं ते माहीत होतं: हळू चालवायचं आणि थांबायचं नाही.

मनोरच्या अलीकडच्या हॉटेलच्या आवारात शिरलो तेव्हा पाच टक्के होते. चार्जर चालू होता. पण त्याला एक टॅक्सी लावलेली होती आणि मागे दुसरी उभी होती. पावणेआठ वाजले होते. मी तिसरा.

बाकावर जाऊन बसलो. सावलीत होता. वर्षभर ज्या जागेबद्दल वाचत होतो ती हीच. चहा घेतला. पाणचट होता.

माझा नंबर लागायला नऊ वाजले. ॲप उघडलं. ते अजून तिच्याच नावाने स्वागत करतं. मी ते बदललेलं नाही. गन लावली, खट असा आवाज झाला आणि पडद्यावर आकडा चढू लागला. पाच, सहा, सात. पाऊण मिनिटाला एक टक्का. घरी ज्या गाडीला रात्र लागते तिला असं घटाघट पिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. चाळीस मिनिटांत ती साठच्या पुढे गेली. मी सिस्टरला फोन करून सांगितलं की उशीर होईल, पण येतो आहे. तिने विचारलं नाही किती.

मधल्या वेळात माझ्यामागे आणखी एक टॅक्सी येऊन लागली होती. तिचा चालक पन्नाशीचा, नालासोपाऱ्याचा निघाला. तो माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून आला, मागच्या काचेत वाकून केळ्यांचा घड पाहिला आणि मग माझ्याकडे आला.

"सर, ही टीचरची गाडी ना?"

मी हो म्हटलं.

"त्या कधीच दिसल्या नाहीत इतके दिवस. मला वाटलं गाडी विकली."

मी सांगितलं की ती गेली, आज वर्ष झालं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. नंतर तो माझ्याशेजारी बसला आणि समोर बघत बोलत राहिला. टीचर पहिल्या शनिवारी यायच्या. बाकावर बसून माळ जपायच्या. केळी वाटायच्या. इथे ड्रायव्हर लोकांची नंबरावरून कायम भांडणं व्हायची, एकाने तर दुसऱ्याची गन उपटली होती. टीचर आल्या की सगळे गप. कुणाची गाडी ऐंशीवर आली की त्या स्वतः जाऊन त्याला उठवायच्या आणि मागच्याला हाक मारायच्या, चला, पुढचा मुलगा.

"आम्ही सगळे चाळीस-पन्नासचे," तो म्हणाला. "तरी मुलगा. आणि जायचो पण."

मला हसू आलं आणि मी तोंड गाडीकडे वळवलं. त्याने ते पाहिलं असावं, कारण तो उठून चहा सांगायला गेला.

परत आला तेव्हा माझ्या गाडीचा आकडा ब्याऐंशी झाला होता आणि तिथेच रेंगाळत होता. मी घड्याळ लावून पाहिलं. एका टक्क्याला आता तीन-तीन मिनिटं. तरी मी थांबायचं ठरवलं होतं. सकाळपासून इतकं बिनसलं होतं की मला शंभर हवे होते. पूर्ण भरून घ्यायचं, म्हणजे परतताना पुन्हा कुठे थांबणं नको, पुन्हा कुठल्या यंत्राच्या मर्जीवर राहणं नको. चालकाने विचारलं, "सर, निघताय ना?" मी म्हटलं, शंभर झाले की निघतो.

तो हातातला कप हलवत राहिला. मग म्हणाला, "सर, राग मानू नका. टीचर असत्या तर कान धरला असता."

मग त्याने समजावलं. ऐंशीपर्यंत गाडी धावत भरते, पुढे बॅटरी स्वतःच हात आखडता घेते. उरलेल्या वीससाठी जवळजवळ तेवढाच वेळ जातो. "तेवढ्यात तुम्ही विक्रमगडला पोचाल. येताना परत लावा, वीस मिनिटं. आणि मागे बघा."

मागे त्याची टॅक्सी होती आणि तिच्यामागे आणखी एक गाडी, नंबर सुरतकडचा. आत एक बाई मुलाला मांडीवर घेऊन वारा घालत होती.

तेव्हा वहीतलं ते वाक्य मला वाचता आलं. ऐंशीच्या पुढे थांबू नये. आमच्या वाडीत लहान मुलालाही हे ठाऊक असतं की आपली केळी भिजली की पाट पुढे सोडायचा. विहीर आपली म्हणून पाणी तुंबवून ठेवणाऱ्याला कुणी शिव्या देत नाहीत, फक्त त्याच्या घरच्या लग्नाला लोक उशिरा येतात. मी त्या वाडीत जन्मलो. तिथे चौसष्ट वर्षं पाण्याच्या पाळ्या पाहिल्या. आणि इथे येऊन शंभरचा हट्ट धरून बसलो होतो. उद्याची भीती असली की माणूस जास्तीचं साठवू बघतो. मी वर्षभर तेच करत होतो, फक्त विजेचं नाही.

मी उठलो, गन काढली, खांबाला नीट अडकवली. चालकाला म्हटलं, "चला, पुढचा मुलगा." माझा आवाज तिच्यासारखा झाला नाही, पण तो गेला.

मिशनमध्ये पोहोचायला बारा वाजायला आले. विक्रमगडच्या पुढच्या चढांवर आकडा भराभर उतरला आणि उतारांवर थोडा परत चढला. याचीही नोंद वहीत होती. सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर तयार बसलेली होती, पिशवी मांडीवर. तिने उशिराबद्दल एक शब्द विचारला नाही. गाडीपाशी आली, पुढचं दार उघडलं, पण बसली नाही. वाकून सीटच्या मागे हात घालून काहीतरी शोधू लागली. मी विचारलं काय हवंय.

"माझी उशी."

गुडघ्याखाली घ्यायला बायकोने तिच्यासाठी क्रोशाचं कव्हर घालून एक लहान उशी केली होती. ती वर्षभर मागच्या सीटच्या कोपऱ्यात पडून होती. मी ती गाडीतलीच समजत होतो. केळ्यांच्या घडाखालून काढून तिच्या हातात दिली.

"त्या दिवशी पण हीच विचारणार होते," ती बसता बसता म्हणाली. "म्हटलं थोडा वेळ गाडीत बसून राहावं. पण तू इतका दमलेला दिसलास. म्हटलं जाऊ दे."

मी वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसलो. वर्षभर जो प्रश्न मी छातीवर घेऊन फिरलो तो एवढाच होता. तिने पट्टा कसा लावायचा ते मला विचारलं नाही. तिला माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या मुलींनी केळ्यांचा घड उतरवून घेतला आणि तिने त्यांना बजावलं की पिकलेली आधी. साडेबाराला आम्ही निघालो.

मनोरच्या चार्जरला दोनच्या सुमारास परत आलो. अठ्ठावीस टक्के. या वेळी पुढे कुणी नव्हतं. घर गाठायला तेवढे जेमतेम पुरले असते; वाटेत काही झालं तर पुरले नसते. गन लावली. मी सिस्टरला बाकाबद्दल सांगायला गेलो तर ती आधीच तिकडे चालू लागली होती. तिने पिशवीतून माळ काढली आणि मी विचारण्याआधीच म्हणाली, "एक माळ. ती एवढंच थांबायची."

आम्ही दोघांनी मिळून रोझरी म्हटली. मी पुष्कळ दिवस म्हटली नव्हती. तोंडपाठ होती म्हणून जमली. शेजारून ट्रकवाले चहा पिऊन जात होते, कुणी आमच्याकडे फारसं पाहिलं नाही. शेवटचा मणी झाला तेव्हा मी उठून आकडा पाहिला. एकसष्ट. अठ्ठावीस आणि तेहतीस. मी तो सिस्टरला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गणितात ती चुकली नाही कधी."

विरार फाट्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि गाड्या तासभर मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. चार वाजले, सव्वाचार. फोनवर भाऊ विचारत होता, फादरना थांबायला सांगू का. मी म्हटलं नको. रांगेत उभ्या गाडीची वीज फारशी खर्च होत नव्हती. पेट्रोलच्या गाड्या शेजारी धूर सोडत उभ्या होत्या आणि आमच्या गाडीत आवाज नव्हता. सकाळच्या एकतीस टक्क्यांवर मी या रांगेत असतो तर प्रत्येक मिनिट मोजलं असतं. आता मोजायचं काही नव्हतं. रस्ता मोकळा झाला की जायचं, एवढंच उरलं होतं. त्या वीस मिनिटांनी मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही रांग सांगेन. सिस्टर उशीवर पाय ठेवून झोपली होती.

पाचला सात मिनिटं असताना गाडी चर्चच्या आवारात शिरली. भाऊ फाटकात उभा होता. त्याने हाताने लोकांना बाजूला केलं, जणू वरात येत होती, आणि दार उघडून सिस्टरला हाताला धरून उतरवलं. ती त्याला म्हणाली, "क्रेट कुठाय तुझं?" त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. वाटेत मी तिला ते सांगितलं होतं.

मिस्सा झाली. दफनभूमीत कबरीवर भावाने आणलेला सोनचाफा होता. प्रार्थना संपल्यावर सिस्टर माझ्यासमोर आली. तिची बोटं सुजलेली असतात. टाचणी निघायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही, करायची नसते. फीत काढून तिने घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. मग शर्टाचा खिसा हाताने सारखा केला, लहान मुलाचा करतात तसा. म्हणाली, "उद्या सकाळी सोडशील ना मला? मुलींचं जेवण आहे."

मी हो म्हटलं. आणि पहिल्या शनिवारी येईन, असंही म्हटलं. ती म्हणाली, "पिकलेली केळी नको आणू. वाटेत काळी पडतात. ती पण ऐकायची नाही."

त्या संध्याकाळी मी गाडी विहिरीजवळ लावली, प्लग लावला, हँडल खाली केलं. पंपघरात खिळ्याला तिचं लाल फडकं अजून होतं. ते हँडलला बांधलं. गाठ पक्की आहे ना, दोनदा ओढून पाहिलं. पाण्याची पाळी उद्याही भावाचीच होती.

सकाळी सहाला गेलो. पंप बंद होता. केळीचे पाट कोरडे. गाडीत शंभर टक्के होते. आणि हँडलवर माझ्या फडक्याच्या वर, आणखी एक गाठ मारून, भावाने आपला डोक्याचा रुमाल बांधून ठेवला होता.

दोन्ही गाठी सोडायला मला थोडा वेळ लागला. मग हँडल वर केलं, त्याचा पंप सुरू करून दिला आणि सिस्टरला हाक मारायला घराकडे निघालो.